पन्नास माणसं बास!

एक साधा प्रश्न. तुमच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वरच्या भिंतीवर काय लटकतंय? घाबरू नका, इंटिरियरवर लेक्चर झोडणार नाहीये. फक्त अंदाज बांधते. पाच तुकड्यांत कापलेलं सात घोड्यांचं पोस्टर? (काकूंनी सांगितलं होतं, दिशा बघून लावा.) की काळा-पांढरा आयफेल टॉवर? बरं, ते चित्र काढलंय कुणी? नाही ना माहीत? मग काय, ऑनलाइन मागवलं, दोन खिळे ठोकले, विषय संपला.

आता हाच प्रश्न उलटा करून बघा. आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये एक तरी असा प्राणी असतोच, जो मनापासून चित्रं काढतो, फोटो काढतो नाहीतर मातीची भांडी घडवतो. त्याचं काम भारी असतं. वाढदिवसाला तो ते फुकट वाटतो, उरलेलं कपाटावर ठेवतो. आणि मग एक दिवस तो ग्रुपमधल्या मार्केटिंगवाल्या मैत्रिणीला विचारतो, ‘अगं, हे विकायचं कसं?’

आमच्या ग्रुपमधली मार्केटिंगवाली म्हणजे अस्मादिक. पुण्याच्या ऑफिसात बसून शॅम्पूची पाऊचं खेड्यापाड्यांत कशी पोचवायची याचे प्लॅन करते. लाखांच्या खाली बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा फंडा. त्यामुळे चाळीस चित्रांचं मार्केटिंग म्हटल्यावर मजाच वाटली. टार्गेट ऑडियन्स? बहुतेक पन्नास माणसं!

चाळीस चित्रं, एक ऑफर

ही चाळीस चित्रं माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची. मी बारामतीची, ती इंदापूर तालुक्यातली, भिगवणच्या जवळची. आता ती बारामतीत राहून ड्रॉइंगचे क्लास घेते. एलिमेंट्री-इंटरमिजिएटची पोरं, उन्हाळ्यात शिबिरं, गणपतीत मखरांच्या ऑर्डरी. रात्री उरलेल्या वेळात ती स्वतःची जलरंगातली चित्रं काढते.

भिगवण म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात, मासे आणि फ्लेमिंगो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. थंडीत कुंभारगावला पहाटे गाड्यांची रांग लागते. जाकीट, टोपी आणि तोफेएवढी लेन्स घेतलेली मंडळी होडीत बसतात. समोर रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चक्रवाक, पट्टकादंब, शेकाटे... क्लिक क्लिक क्लिक. दुपारी चुलीवरचं माशाचं जेवण करून परत.

पण ज्या पाण्यावर आपण होडीतून फिरतो, ते पाणी कुठून आलं? 1980 मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. पाणी मागे सरकत सरकत इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत अशा तालुक्यांच्या गावांत शिरलं. घरं, मळे, विहिरी, पार, सगळं खाली गेलं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाहेर येतं, तेव्हा बातमी होते. बाकीच्यांची बातमी होत नाही. माझ्या मैत्रिणीच्या आजोबांचं घर त्या बाकीच्यांत आहे.

तिची चित्रं नेमकी यावर आहेत. कागदाच्या वरच्या भागात पाणी आणि पक्षी. एका पायावर उभा रोहित. आणि खालच्या भागात, पाण्याच्या आत, फिकट रंगात एक अंगण, तुळशीवृंदावन, विहिरीची मोट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं प्रतिबिंब आहे. मग कळलं की ते प्रतिबिंब नव्हे, गाव आहे.

आता गोष्टीतला ट्विस्ट. क्लासच्या जागेच्या मालकाने तिला सांगितलं, मार्चअखेर 50 हजार डिपॉझिट द्या, नाहीतर जागा रिकामी करा. क्लास बंद म्हणजे पगार बंद. म्हणजे बारामती सोडून पुण्यात कुठेतरी ग्राफिक्सची नोकरी, आणि चित्रं... बघू केव्हातरी. त्याच आठवड्यात तिला एक ऑफर आली. रिसॉर्ट आणि हॉटेलांना डेकोर पुरवणारा एक सप्लायर. सगळी चाळीस चित्रं, सर्व हक्कांसह, एकरकमी 60 हजार. तो त्यातून वॉलपेपर, कुशन कव्हर, कॉफीचे मग, काय वाट्टेल ते करणार. वर एक बारीकशी विनंती. ‘मॅडम, खालची सही जरा काढता येईल का? रिपीट डिझाइनमध्ये मध्ये मध्ये येते.’

डिपॉझिट सुटत होतं. वर 10 हजार शिल्लक. तिने मला फोन केला तो ‘घेऊ का?’ एवढंच विचारायला.

मळवलीचा धडा

सप्लायरचा युक्तिवाद तसा बिनतोड होता. चित्र एका घरात पडून राहण्यापेक्षा हजार घरांत गेलेलं काय वाईट? आमचा शॅम्पूचा धंदा त्यावरच चालतो. पण चित्रांच्या बाबतीत हा प्रयोग आपल्या पुणे जिल्ह्यात एका फार मोठ्या माणसाने करून बघितला आहे.

लोहगडाला किंवा भाजे लेण्यांना जाताना तुम्ही लोकलने मळवलीला उतरला असाल. या मळवलीत एकेकाळी राजा रविवर्म्याचा छापखाना होता. 1894 मध्ये त्याने तो मुंबईत सुरू केला आणि पुढे तो मळवलीला हलला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांच्या रंगीत छापील प्रती निघू लागल्या आणि राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातली चित्रकला चाळीतल्या खोलीत पोचली. आजही आजीच्या देवघरात दिसणारी लक्ष्मी बघा, तिच्यावर त्या छापखान्याची छाया आहे. लोकप्रियतेचा याहून मोठा विक्रम कुठला? पण हिशेब बघितला तर छापखाना कर्जात गेला, आणि तिथल्याच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.

म्हणजे स्वस्तात सगळ्यांना विकणं हे वाईट नाही, पण तो एक वेगळा धंदा आहे. त्याला मशीन लागतं, भांडवल लागतं, वितरक लागतात. रविवर्म्यासारख्या नावालाही तो झेपला नाही. बारामतीत क्लास घेणाऱ्या मुलीच्या बाबतीत मशीन, भांडवल आणि वितरक सगळं त्या सप्लायरचं असणार होतं. तिचं काय, तर फक्त चित्र. तेही बिनसहीचं.

मग दुसरी वाट कुठली? थोड्या माणसांची. आणि या वाटेवरचा उस्ताद चक्क आमच्या गावातला निघाला.

मयूरपंतांचा फंडा

बारामतीकर असल्यामुळे मोरोपंत आम्हाला लहानपणापासून माहीत. म्हणजे नाव माहीत, स्मारक माहीत, शाळेत दोन आर्या पाठ करून मार्क मिळवलेले. मोरोपंत पराडकर, जन्म पन्हाळ्याचा 1729 मधला, मुक्काम बारामती, मृत्यूही इथलाच, 1794 मधला. आश्रय होता बाबूजी नाईकांचा. नाईक म्हणजे मोठे सावकार, पेशव्यांचे सोयरे. पंत त्यांच्याकडे पुराण सांगायचे आणि घरी बसून काव्य रचायचे.

आणि काव्य तरी कसं? एकट्या आर्याभारतातच 17 हजारांच्या आसपास आर्या. शिवाय रामायणं. एक नाही, 108 रामायणं रचली असं सांगतात! प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एक ‘निरोष्ठ रामायण’, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांना ओठ लावणारी अक्षरंच वापरायची नाहीत. (राम हे नावच घेता येत नाही, विचार करा.) एकाचं नाव ‘मंत्ररामायण’. एकाचं तर ‘परंतु रामायण’. आमच्या बॉसने लिहिलं असतं तर हेच नाव ठेवलं असतं.

आजच्या भाषेत याला काय म्हणाल? अगदीच निश प्रॉडक्ट. ओवी-अभंगासारखं जात्यावर गुणगुणता येणारं हे काम नव्हतं. ज्याला अक्षरांची कसरत कळते, संस्कृत थोडंफार येतं, त्यालाच मजा येणार. पंतांना ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरीही त्यांनी ते सोपं करून पातळ केलं नाही.

मग ते पोचलं कसं? एक तर आश्रयदात्यामुळे पोटाची काळजी मिटलेली होती. दुसरं म्हणजे कीर्तनकार. हरिदासांना श्रोत्यांसमोर फेकायला झोकदार ओळी लागतातच, पंतांच्या आर्या त्यांना फिट्ट बसल्या. सोलापूरचा शाहीर राम जोशी, ज्याच्या लावण्यांनी फड गाजवले, तोच पुढे कीर्तनात पंतांच्या आर्या म्हणू लागला. थोडक्यात काय, हजारो श्रोत्यांना पंतांनी गाठलं नाही. पंतांनी मोजक्या जाणकारांना गाठलं आणि त्या जाणकारांनी हजारोंना. ज्यांना कदर होती त्यांनी पोथ्या उतरवून घेतल्या, जपल्या. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले तेव्हा छापायला काहीतरी शिल्लक होतं ते यांच्यामुळे.

आणि माझा सर्वांत आवडता भाग ऐका. पंत आपलं नाव कवितेतच गुंफायचे, ‘मयूर’ म्हणून. आर्या कुणीही म्हणो, कुठेही म्हणो, मोर आपला पिसारा फुलवून तिथे हजर! सही काढता येईल का असं त्यांना कुणी विचारूच शकलं नसतं.

हे मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती दोन सेकंद गप्प होती. मग म्हणाली, ‘पण माझा बाबूजी नाईक कुठाय?’

पॉइंट होता.

मधला माणूस कसा असावा

आजच्या जमान्यात एक सावकार सगळा भार उचलत नाही. त्याऐवजी दहा-वीस-पन्नास लोक थोडा थोडा उचलतात. पण त्यांच्यापर्यंत नेणारा मधला माणूस लागतो. तो कसा असावा आणि कसा नसावा, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

भास्कर कुलकर्णी हे नाव तुम्ही ऐकलंय? नसेल तर हरकत नाही, पण त्यांच्या कामाचे परिणाम तुमच्या घरात नक्की असतील. 1966 च्या सुमाराला बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा सरकारी हस्तकला खात्याच्या वतीने हा मराठी चित्रकार मिथिलेत गेला आणि भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हातात त्याने कागद दिला. मधुबनी चित्रं विकली जाऊ लागली ती तिथून. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो डहाणूकडच्या वारली पाड्यांवर आला. तिथे लग्नात सुवासिनी भिंतीवर पांढऱ्या रंगात देवचौक लिहीत. त्या भागात त्याला जिव्या सोमा मशे भेटले. हा पुरुष असून चित्रं काढायचा, आणि लग्न असो-नसो, रोज काढायचा.

कुलकर्ण्यांनी काय केलं? मशांच्या चित्रांना ‘आदिवासी डिझाइन’ म्हणून गठ्ठ्याने विकलं नाही. मशांच्या नावानिशी लोकांसमोर आणलं. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत, जिथे हुसेन-रझांची चित्रं लागायची, तिथे जिव्या सोमा मशेंचं प्रदर्शन लागलं. पुढे परदेशातल्या संग्राहकांनी त्यांचं काम शोधून शोधून घेतलं. 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांचं आणि रिचर्ड लाँग या नामांकित ब्रिटिश कलावंताचं काम शेजारी शेजारी मांडलं गेलं. 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले, तेव्हा पेपरांनी त्यांना नावाने ओळखलं.

आता याची दुसरी बाजू. त्याच वारली आकृत्या आज कुर्त्यावर आहेत, मगवर आहेत, सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर आहेत. त्रिकोणी माणसं, तारपा, गोल नाच. तुमच्याकडेही एखादी कुशन असेल. तिच्यावर कुणाचं नाव आहे? ज्या पाड्यावर हे सुरू झालं तिथे त्यातला किती रुपया पोचला?

एकच कला, दोन बाजार. एकात माणूस विकत घेणाऱ्याला कळतो, दुसऱ्यात कळत नाही. सप्लायरची ऑफर दुसऱ्या बाजाराची होती.

कायदा काय म्हणतो

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण चहा घेऊन वाचाच. तुमच्या ग्रुपमधल्या आर्टिस्टला फॉरवर्ड करायच्या लायकीचा आहे.

आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात चित्र आणि चित्राचे हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुम्ही चित्र विकलंत म्हणजे त्याचे मग छापायचा हक्क विकलात असं होत नाही. हक्क द्यायचे असतील तर लेखी करार हवा, सहीसकट. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून समोरचा हुशार असेल तर ‘कायमचे, जगभरासाठी, सर्व हक्क’ असं छापून आणतो. या तीन शब्दांवर पेन टेकवण्याआधी थांबा.

दुसरी मेख. कुणी पैसे देऊन, ऑर्डर देऊन तुमच्याकडून खास चित्र काढून घेतलं, आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा ठरतो. त्यामुळे ऑर्डरच्या चित्रात एक ओळ आधीच लिहून घ्यायची: कॉपीराइट चित्रकाराचा राहील.

तिसरं, चित्रावरून चित्रकाराचं नाव आपलंच म्हणून सांगायचा हक्क कॉपीराइट विकल्यावरही त्याच्याकडे राहतो. आणि मूळ चित्र पुढे 10 हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्यात चित्रकाराला किंवा वारसांना वाटा मागण्याची तरतूद आहे, जास्तीत जास्त 10 टक्के. कागदावर हे छान दिसतं, पण चित्र कुठे गेलं हेच माहीत नसेल तर मागणार कुणाकडे?

आणि पुढे केव्हातरी भाव येईल यावर आज जगता येत नाही. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे आयुष्यभर मोजकीच चित्रं काढत राहिले. 2013 मध्ये मुंबईत झालेल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र 23.7 कोटी रुपयांना गेलं. गायतोंडे 2001 मध्येच वारले होते. आर्टिस्टच्या घरचा किराणा भरतो तो पहिल्या विक्रीतून. म्हणून पहिली विक्री नीट करायची.

मग आम्ही काय केलं?

मैत्रिणीने सप्लायरला ‘नाही’ कळवलं. निर्णय तिचा होता. मी फक्त एक्सेल शीट उघडली आणि वरती लिहिलं: ही चित्रं कुणाच्या आयुष्याशी जोडलेली आहेत? ‘आर्ट लव्हर्स’ असं उत्तर लिहायला बंदी.

पहिला गट सोपा होता, कुंभारगावला येणारे पक्षीवाले. पण त्यांच्याकडे रोहितचे चार हजार फोटो आधीच आहेत, ते चित्र कशाला घेतील? उत्तर होडीवाल्याने दिलं. तो म्हणाला, ‘ताई, लोक तासभर फिरत्यात. खाली गाव हाय सांगितलं की कॅमेरा खाली ठेवत्यात.’ लेन्समध्ये न येणारी गोष्ट तिच्या कागदावर होती. मग आम्ही साधी पोस्टकार्डं छापली. पुढे चित्र, मागे तीन ओळी, पाण्याखाली काय आहे ते, आणि तिचं नाव. ज्या घरी पक्षीवाले जेवायला थांबतात तिथे ठेवली, शेजारी एक शंभर पानी वही. ज्याला आणखी चित्रं बघायचीत त्याने नाव-नंबर लिहा, बस्स.

दुसरा गट जास्त महत्त्वाचा होता. उठलेल्या गावांतल्या घरांची दुसरी-तिसरी पिढी. कुणी इंदापुरात, कुणी हडपसरला, कुणी थेट न्यू जर्सीत. यांच्याकडे जुन्या गावाचा फोटोसुद्धा नसतो. लग्नाच्या एखाद्या ग्रुप फोटोत मागे भिंतीचा कोपरा दिसतो तेवढाच. यांना गाठायला जाहिरात लागली नाही, धरणग्रस्त घरांचे व्हॉट्सअॅप ग्रुप पुरले.

मग नियम ठरवले. मूळ चित्र 7,500 रुपये, सगळ्यांना तोच भाव, ओळखीच्यांनाही. (ओळखीच्यांना सूट दिली की अनोळखी शहाण्याला वाटतं आपण फसलो.) ज्यांना मूळ परवडत नाही त्यांच्यासाठी तीन चित्रांच्या प्रती, 1,800 रुपयांना. प्रत म्हणजे झेरॉक्स नव्हे. गंमत बघा, भिगवणजवळच कोटेड कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला, गुळगुळीत मासिकांना लागतो तसा कागद. पण भिंतीवर वर्षानुवर्षं टिकायचं तर कापसाचा, आम्लरहित कागद आणि पिगमेंटची शाई लागते. प्रत्येक चित्राच्या पंचवीसच प्रती, प्रत्येकीवर पेन्सिलने नंबर आणि सही. सातवी असेल तर 7/25. सव्विसावी छापायची नाही, कलेक्टरने पाया पडून मागितली तरी. थोड्या लोकांना विकायचं तर त्यांचा विश्वास हेच भांडवल असतं, आणि सव्विसावी प्रत निघाली की आधीच्या पंचवीस जणांना ते कळतंच.

आणि एक रजिस्टर. कुठलं चित्र, कुठली प्रत, कुणाकडे, कोणत्या तारखेला. चित्राच्या मागे लेबल: नाव, वर्ष, माध्यम, आणि त्याखाली एक ओळ, चित्रातल्या गावाची.

विहीर डावीकडे होती

डिसेंबरमध्ये हडपसरच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. चित्र बघायला ते मुलाला घेऊन बारामतीला आले. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘पोरी, पार डाव्या हाताला होता. आणि विहिरीवर एक नव्हे, दोन मोटा होत्या.’ मैत्रिणीने तिथल्या तिथे कागद घेतला. मास्तर सांगत गेले, ती काढत गेली. कुणाचं घर, कुठून वळण, शाळा कुठे भरायची. दोन तासांनी समोर नकाशा तयार झाला, जो कुठल्याही सरकारी दप्तरात या रूपात मिळणार नाही. मास्तरांनी आधीचं ‘चुकीचं’ चित्रच विकत घेतलं. म्हणाले, बरोबरचं काढशील तेव्हा नातीला सांगीन घ्यायला.

त्यानंतर तिने वहीत एक नवा रकाना पाडला, ‘दुरुस्त्या’. प्रत्येक गिऱ्हाईक काहीतरी सांगून जातं. चिंच नव्हती, लिंब होता. देवळाची पायरी तुटकी होती. शॅम्पूच्या धंद्यात याला कन्झ्युमर फीडबॅक म्हणतात आणि त्यासाठी एजन्सीला पैसे मोजतात. इथे गिऱ्हाईक स्वतः पैसे देऊन आपलं गाव सांगून जात होतं.

आता हिशेब, कारण तुम्ही मनातल्या मनात करतच असाल. नोव्हेंबर ते मार्च या काळात 4 मूळ चित्रं गेली, 30,000. प्रती गेल्या 14, त्याचे 25,200. एकूण 55,200. छपाई, पोस्टकार्डं, कुरिअर मिळून 9,000 खर्च. हातात राहिले 46,200. सप्लायरच्या चेकपेक्षा जवळजवळ 14 हजारांनी कमी. डिपॉझिटलाही 3,800 कमीच पडले. ते आईच्या भिशीतून आले, आणि मार्चच्या 30 तारखेला जागामालकाला पैसे पोचले.

पण शीटचा दुसरा टॅबही बघा. 36 मूळ चित्रं अजून तिच्याच कपाटात आहेत, चाळीसही चित्रांचे हक्क तिच्याकडे आहेत, आणि रजिस्टर-वहीत मिळून 43 नावं आहेत, ज्यांना नवीन चित्र झालं की फक्त एक मेसेज टाकायचा. मास्तरांच्या नातीचं नाव त्यात चव्वेचाळिसावं होईल.

सप्लायरचा मध्यंतरी पुन्हा फोन आला होता. या वेळी सही ठेवायला त्याची हरकत नव्हती. तिने त्याला एका चित्राचे हक्क, दोन वर्षांसाठी, फक्त वॉलपेपरकरता, नावासकट, असा एक पानी मसुदा पाठवलाय. तो विचार करून सांगतो म्हणालाय.

दरम्यान ऊन वाढलंय, उजनीचं पाणी खाली चाललंय. मैत्रीण स्केचबुक घेऊन रविवारी पळसदेवला जाणार आहे, आणि या खेपेला होडीत तिच्यासोबत मास्तरही आहेत.